निशाणवाल्या मावशी पाण्यावर जातात

गेली अकरा वर्षं मी निशाणवाल्या मावशींच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. खाली रस्त्याला लागून दुकान, त्याच्या मागे मावशींचं दोन खोल्यांचं घर, आणि बाजूच्या लोखंडी जिन्याने वर आलं की माझं बिऱ्हाड. सकाळी सातच्या सुमारास खालून शिलाई मशीनची घरघर सुरू होते आणि माझ्या पलंगाचे पाय हलकेच थरथरतात. सुरुवातीला मी वैतागायचे. आता एखाद्या दिवशी घरघर ऐकू आली नाही तर मीच खाली जाऊन बघून येते.

मावशींचं वय बहात्तर. अंगाने काटकुळ्या, बोलायला सरळ, आणि हात असे की काचेचा ग्लाससुद्धा त्यांच्या बोटांत जरा मवाळ वाटावा. उजव्या तळहातावर मधोमध एक घट्टा आहे. जाड कॅनव्हास हाताने शिवताना सुई ढकलायला तळव्यावर चामड्याचा पट्टा बांधतात, त्याचा तो घट्टा.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या उपनगरात आल्या. तेव्हा समोर गोदी होती. रस्ता ओलांडला की फाटक, फाटकाच्या आत धक्का, आणि धक्क्याला टेकलेली जहाजं. सासऱ्यांचं जहाजांसाठी निशाणं आणि कॅनव्हासची आच्छादनं शिवायचं दुकान होतं. जहाजं एकमेकांशी रंगीत निशाणांनी बोलतात, हेही मावशींना तोवर माहीत नव्हतं. प्रत्येक निशाणाला अर्थ असतो. एक म्हणतं, आम्हाला वाट दाखवणारा माणूस पाठवा. दुसरं म्हणतं, तो माणूस आमच्याकडे पोचला. एक सांगतं, आमचा माणूस पाण्यात पडलाय.

सासरे नाकावर माशी बसू देत नसत. दोन महिने त्यांनी सुनेला नुसते काठ दुमडायला लावले. मग एक दिवस पहिलं अख्खं निशाण शिवायला दिलं. अर्धं पांढरं, अर्धं लाल, सोपं काम. मावशींनी ते इतकं नेटकं शिवलं की नणंदेनेसुद्धा कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी जहाजावरचा खलाशी ते परत घेऊन आला. पितळी रिंगा लाल बाजूला लावल्या होत्या. दोरी पांढऱ्या बाजूला हवी होती.

"मी मान खाली घालून उभी," मावशी सांगतात. "म्हटलं, आता काय काय ऐकावं लागतंय. मामंजींनी निशाण उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, 'मुकं झालं गं हे. शिवण चांगली आहे, पण बोलत काहीच नाही.' एवढंच. मग स्वतः बसून रिंगा काढल्या आणि मला म्हणाले, 'बघ, कशा लावायच्या.'"

मावशींचे यजमान टगवर होते. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढत आणून धक्क्याला लावणारी आखूड, दांडगी बोट. दिवसभर ती खाडीच्या तोंडाशी असायची. एक साधं पिवळं निशाण असतं, त्याचा अर्थ 'आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत'. मुलगी तान्ही असताना मावशींनी रोज सकाळी गच्चीवर पिवळं कापड लावायला सुरुवात केली, म्हणजे टगवरून यजमानांना दिसावं. एकदा बारा निशाणांची मागणी घाईची आली, पिवळं कापड संपलं, तेव्हा मावशींनी गच्चीवरचंच काढून कापलं. दुपारी यजमान दारात उभे. हाताला ग्रीस, श्वास लागलेला. मावशी ताटावर बसल्या होत्या, मुलगी पाळण्यात झोपलेली.

"निशाण कुठंय?"

"विकलं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. मग हात धुऊन आले आणि ताट वाढून घेतलं. टगवर त्यांना त्या दिवशी बोलणी बसली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी येताना ते स्वतः तीन हात पिवळं कापड घेऊन आले आणि म्हणाले, "हे विकायचं नाही."

असा संसार झाला. सासरे गेले, दुकान मावशींच्या हाती आलं. मुलगी शिकली, लग्न करून लांबच्या शहरात गेली. आणि चौदा वर्षांपूर्वी जहाजं गेली.

तसं ते एका दिवसात झालं नाही. जहाजं दर वर्षी मोठी होत होती आणि आमच्या खाडीचं पाणी काही वाढत नव्हतं. पलीकडे, जिथे समुद्र खोल आहे तिथे, नवं बंदर बांधलं. आधी मोठी जहाजं तिकडे गेली, मग मधली, मग जाहीर झालं की अमुक तारखेला इथलं शेवटचं जहाज निघेल. त्या सकाळी सगळं उपनगर धक्क्यावर जमलं. भोंगेकाका तर सरळ रडले.

भोंगेकाका म्हणजे मावशींच्या यजमानांचे मित्र. त्यांनी गोदीत तीस वर्षं क्रेन चालवली. क्रेनच्या टोकावरून खालच्या माणसांना ओरडून सांगायची सवय लागली ती कायमची. शेजारी बसून 'चहात साखर कमी आहे' म्हणाले तरी चौकातल्या माणसाला कळतं. म्हणून भोंगा. ते मावशींना वहिनी म्हणतात, मावशी त्यांना भावजी.

त्या सकाळी मावशी धक्क्यावर गेल्या नाहीत. हातात काम होतं. त्या दुकानात पुढच्या खिडकीशी बसल्या होत्या, डोक्यावर बल्ब लावून. त्या खिडकीतून इतकी वर्षं समोर काय दिसायचं, तर जहाजाची बाजू. लोखंडाची काळी किंवा तांबडी भिंत, वर गंजाचे ओघळ. एक भिंत गेली की दुसरी यायची. दिवसाही बल्ब लावल्याशिवाय दोरा दिसत नसे.

"भोंगा वाजला, जहाज सरकायला लागलं," मावशी म्हणाल्या, "आणि खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातनं ऊन आत आलं. आधी एवढीशी चीर. मग पुढे पुढे येत मशीनवर, माझ्या हातावर, पार मागच्या कपाटापर्यंत. मी मान वर केली तर समोर पाणी. पलीकडचा काठ, त्यावरची झाडं, सगळं. बाहेर लोक डोळे पुसत होते, आणि मी आत चष्मा न लावता सुईत दोरा ओवला. मला लाजच वाटली. हे मी कुणाला सांगितलं नाही."

यजमानांची टगच ते जहाज ओढून बाहेर घेऊन गेली होती. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "बल्ब का नाही लावला?" मावशी म्हणाल्या, "गरज नाही." त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पाटावर बसावं तसे उंबऱ्यावर बसले आणि तिथेच चहा मागितला. पुढे निवृत्त झाल्यावर त्यांची बसायची जागाच ती झाली. सहा वर्षांपूर्वी ते गेले. तोपर्यंत मी वर राहायला आले होते, त्यामुळे त्यांना तिथे बसलेलं मी रोज बघितलंय. फारसं न बोलणारा, तृप्त माणूस.

जहाजं गेल्यावर निशाणांचं काम आटलं. मावशी गाद्यांच्या खोळी, दुकानांपुढची छपरं, मोटारींची आच्छादनं शिवू लागल्या. गोदामं पाडून तिथे काचेच्या इमारती आल्या, धक्क्यावर फरसबंदी आणि बाकं आली. भोंगेकाकांची क्रेन मात्र शोभेसाठी ठेवली, तिला लालभडक रंग दिला.

"म्हातारीला लिपस्टिक लावून रस्त्यात उभी केलीय," भोंगेकाका गरजले.

"म्हणून तुम्ही रोज तिच्याखाली बसता होय?" मावशी म्हणाल्या.

"लक्ष नको ठेवायला?"

नवीन इमारतींतले लोक क्रेनचे फोटो काढतात, भोंगेकाका न विचारता त्यांना माहिती देतात. मध्यंतरी एका लहान मुलीने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही यात राहायचात का?" आठवडाभर ते प्रत्येकाला हेच सांगत होते.

मावशींची मुलगी फोनवर नेहमीचा विषय काढायची, आता तिथे काय राहिलंय, इकडे ये. दोन वर्षांपूर्वी मावशी जायला जवळजवळ तयारही झाल्या होत्या. खोळी शिवून त्यांना कंटाळा आला होता. "खोळ शिवायला मी कशाला हवी," म्हणायच्या. मशीन एका शिंप्याला द्यायचं ठरवलं होतं. मला वरची खोली ठेवता येईल, असंही सांगून झालं होतं.

त्याच आठवड्यात शीडबोटी शिकवणारी बाई दुकानात आली. तिशीची, उन्हाने रापलेली, खांद्यावर गुंडाळलेलं शीड. जुन्या धक्क्याच्या टोकाला तिने मुलांसाठी वर्ग सुरू केला होता.

"मावशी, फाटलंय. शिवून मिळेल?"

मावशींनी कापड बोटांत चोळलं. "हे कापड आहे का पिशवी?"

"नवीन प्रकारचं आहे. वजनाला हलकं. तुम्हाला जमणार नसेल तर राहू दे."

ते शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. मावशींनी शीड ठेवून घेतलं. पहिली शिवण घातली, ती आकसली. उसवली. दुसऱ्यांदा टाके सुटले. तीन दिवस वर माझ्या खोलीत मशीनची घरघर थांबत थांबत येत होती, मध्ये मावशींचं पुटपुटणं. शेवटी त्यांनी सगळ्यात बारीक सुई लावली, दोन्ही काठ आधी चिकटपट्टीने जोडून घेतले, आणि मगच मशीन चालवलं. चौथ्या दिवशी शीड टेबलावर सपाट पसरलं होतं आणि मावशी त्याच्यावरून हात फिरवत होत्या.

शीडवाल्या बाईने शिवण उजेडात धरली आणि म्हणाली, "मावशी, चला, बोटीतून फिरवून आणते."

"मला कशाला?"

"तुम्ही शिवलेलं शीड आहे. बघायला नको?"

तेव्हा आम्हाला कळलं की मावशी कधी पाण्यावर गेल्याच नव्हत्या. जवळजवळ चाळीस वर्षं जहाजांची निशाणं शिवली, नवरा टगवर, पण पाय कायम जमिनीवर. भोंगेकाकांना तर हे खरंच वाटेना.

"वहिनी, एकदाही नाही?"

"जहाज आलं की त्याचं काम असायचं, ते गेलं की दुसरं यायचं. वेळ कुठे होता? तुम्ही किती वेळा गेलात?"

भोंगेकाकांनी आवाज उतरवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. म्हणाले, "मला पोहता येत नाही."

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. भोंगेकाका काठावर थांबणार होते, पण मावशी चढल्यावर त्यांना राहवलं नाही. बोटीत ते मधोमध बसले आणि दोन्ही हातांनी फळी धरली. ज्या माणसाने आठ मजले उंचीवर तीस वर्षं काढली, तो पाण्यापासून हातभर उंचीवर डोळे मिटून बसला होता.

मावशींना मी किनारा दाखवत होते: ते बघा दुकान, ती माझी खिडकी, ती क्रेन. त्या हो हो म्हणत होत्या, पण नजर वर. शीड भरलं होतं. आयुष्यभर त्यांनी कापड टेबलावर निपचित पडलेलं पाहिलं होतं. शिवायचं, घडी घालायची, देऊन टाकायचं. त्याचं पुढे काय होतं ते खाली उभं राहून, लांबून. आता त्यांनी घातलेली शिवण डोक्याच्या वर हातभर अंतरावर ताणली जात होती. त्यांनी हळूच हात वर करून बोट टेकवलं.

"थरथरतंय," त्या म्हणाल्या.

लांब, नव्या बंदराकडे, एक भलंमोठं जहाज चाललं होतं, चौकोनी डब्यांची चळत घेऊन. त्याची लाट आमच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा बोट वर गेली, खाली आली, आणि भोंगेकाकांची हाक दोन्ही काठांवर ऐकू गेली असणार. मावशी हसायला लागल्या. तोंडावर पाणी उडालं, चष्मा ओला झाला, तरी हसतच होत्या.

काठावर आल्यावर शीडवाल्या बाईने विचारलं, "कसं वाटलं?"

"छान," मावशी म्हणाल्या. "पण वरच्या कोपऱ्यात सुरकुती पडतेय. ती माझी नाही, मुळातच कापायला चुकलंय. उद्या घेऊन या."

शिंप्याला दिलेला शब्द त्यांनी जाऊन परत घेतला. मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "अगं, येईन की चार दिवस," मावशी म्हणत होत्या, "पण या महिन्यात नको. माझ्याकडे सात शिडं पडलीत." पलीकडून लेक काय म्हणाली ते कळलं नाही, पण मावशी म्हणाल्या, "नाही गं, एकटी कुठंय. तूच ये. तुला बोटीत नेते."

आता दर शनिवारी सकाळी एक काम असतं. मोठं चौकोनी शीड दुकानात मावत नाही, म्हणून मावशी ते मोजायला गल्लीत पसरतात. एक टोक त्या धरतात, एक मी, एक शीडवाली. भोंगेकाका दोन्ही हात पसरून वाहनं अडवतात, आणि त्या कामाला त्यांच्याइतका योग्य माणूस उपनगरात नाही. काचेच्या इमारतीतले लोक पिशव्या घेऊन कडेकडेने जातात. काही जण थांबतात. गेल्या शनिवारी सामान पोचवणारी एक गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं, किती वेळ लागेल.

"तुम्ही ते चौथं टोक धरलंत तर लवकर होईल," मावशी म्हणाल्या.

त्याने गाडी बंद केली, चपला काढल्या, आणि टोक धरलं.