मुलाणी सरांचा सल्ला

मुलाणी सरांना शंका विचारली की ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. हातातला खडू टेबलावर ठेवून म्हणायचे, "आधी काय पाहिलंस ते सांग. काय वाटलं ते मागाहून." पौडच्या आमच्या शाळेला प्रयोगशाळा नव्हती. सर पानाला लावायच्या चुन्याची निवळी करत, एखाद्या मुलाला नळीने तीत फुंकर घालायला लावत, आणि ती दुधासारखी पांढरी झाली की वर्गाकडे असं बघत, जणू हे त्यांनाही आजच कळलं. एकदा विहिरीत टाकायची जांभळी पूड प्रयोगाला मागायला ते ग्रामपंचायतीत गेले. शिपाई म्हणाला, "मास्तर, शाळंत कुटं हाय विहीर?" सर म्हणाले, "विहीर न्हाई, पन तान लागलेली पोरं हायेत की!" पूड मिळाली.

सर पौडचेच. घरच्या दुकानात न बसता बडोद्याला जाऊन विज्ञानाची पदवी घेऊन आलेले. तिथल्या प्रयोगशाळेबद्दल बोलायला लागले की तासाची घंटाही त्यांना ऐकू येत नसे. तोटी फिरवली की जाळ, प्रत्येकाला आपापलं टेबल, काचेच्या भांड्यांनी भरलेली कपाटं. ऐकताना मला आमचं माले गाव आणि तिथली भातखाचरं नकोशी व्हायची.

मी मॅट्रिक चांगल्या गुणांनी झालो. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पुण्याच्या विद्यापीठात जायचं की बडोद्याच्या, हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ठरवता येईना. ते म्हणाले, "मास्तर म्हनतील तितं जा. त्येंनी बगितलंय समदं."

मी सरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही बाजू सरळ मांडल्या. "बडोद्यात गर्दी कमी, हाताने करायला जास्त मिळेल, हे खरं. पण रसायनशास्त्र पुण्यात काही निराळं नसतं. आता तुझ्या घरात तू काय पाहतोस ते सांग."

"सगळं ठीक आहे, सर," मी म्हणालो.

"मागं तुमच्याकडं आलो होतो. तुझी आई पाणी घेऊन येताना वाटेत खाली बसली. पायांवर सूज होती. तू ओट्यावर वाचत होतास." सर पुढे म्हणाले, "पुण्याला जा. निरोप आला तर त्याच दिवशी एस.टी.नं घरी पोचशील. पुढं एम.एस्सी.ला बडोद्याला जा, मी स्वतः सोडायला येईन."

पण मला पुणं नको होतं. एकदा पुण्यात एका लग्नाच्या पंगतीत "हितं बसू का?" असं मी विचारलं, तेव्हा माझ्याच वयाची मुलं हसून एकमेकांवर कोसळली होती. पुण्यात मी कायम मावळातलाच राहिलो असतो. बडोद्यात माझी बोली कुणाला ओळखू येणार नव्हती. हे सरांना सांगायची लाज वाटली. घरी येऊन मी आबांना म्हणालो, "सर म्हनले, बडोदाच बरं."

"मास्तर म्हनले ना? मग झालं," आबा म्हणाले.

त्याच थंडीत आई गेली. तार मिळून मी गावी पोचलो तेव्हा अस्थी विसर्जित करून झाल्या होत्या.

तेराव्याला सर भेटायला आले. अंगणात गावातले पुरुष बसले होते. सरांना बघताच आबा उठले. "मास्तर, तुमीच धाडलं न्हवं ह्याला तिकडं? दाराकडं बगत जीव सोडला तिनं. पुण्यात असता तर आला नसता व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्यातला असता तर असं सांगितलं असतं का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी जमिनीकडे बघत राहिलो. सर म्हणाले, "चुकलं माझं, रामभाऊ," आणि पाणीही न पिता निघाले.

माझी धाकटी बहीण हौसा तेव्हा नववीत होती, त्यांच्याच वर्गात. आबांनी तिला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. "त्या मानसाम्होरं माझी पोर बसायची न्हाई." पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी बडोद्याला परत गेलो. प्रयोगशाळा सरांनी सांगितली होती तशीच होती.

लोकांचं बोलणं वाढत गेलं, तेव्हा सरांनी पौड सोडलं आणि जुन्नरकडे नोकरी धरली. मला नोकरी लागल्यावर मी त्यांना शोधत तिथे गेलो. त्यांनी चहा केला. मी म्हणालो, "सर, आबांना आता सगळं सांगतो."

"नको. माझ्यावर रागावून त्यांचं काही अडत नाही. तुझ्यावर रागावले तर म्हातारपणी कुणाकडं बघतील?"

मला सुटल्यासारखं वाटलं. मग सरांनी उत्साहाने विचारलं, "आणि हौसा? तिची निवळी माझ्यापेक्षा स्वच्छ निघायची. वर्गात दिसेना, तेव्हा दुसऱ्या शाळेत घातली असेल असं समजलो. कॉलेजात असेल ना?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "हे मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंतही आले नाहीत. पुन्हा आमची भेट झाली नाही. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

पुढे आबाही गेले. सरांनी दिलेलं गप्प राहायचं कारण त्या दिवशी संपलं. त्यानंतरही मी गप्प राहिलो, ते माझं मी.

गेल्या उन्हाळ्यात हौसाच्या नातवाला बी.एस्सी.साठी कुठल्या विद्यापीठात घालायचं, यावर तिच्या घरी खल चालला होता. हौसा म्हणाली, "कुटं बी घाला, पन मुलाणी मास्तरावानी सल्ला देनारा गाठू नका." सगळे हसले. पोरांनाही ते बोलणं पाठ झालेलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, खरं काय ते सांगितलं.

हौसा म्हणाली, "दादा, उभा जन्म त्या मानसाला शिव्या घातल्या रं मी."

"मला माफ कर, हौसा."

"मला काय सांगतुयास? अंगनात मानसं बसली हुती, त्येंच्याम्होरं बोलायचं हुतं."

त्या अंगणात बसलेल्यांपैकी आता माझ्याखेरीज कुणीही उरलेलं नाही. त्यांची मुलं-नातवंडं मात्र मालेत आहेत, पौडमध्ये आहेत, आणि त्यांच्या घरांतही सरांचं नाव तसंच घेतलं जातं. त्यांनी हे वाचावं. मुलाणी सरांनी मला पुण्याला जायला सांगितलं होतं.