पहिल्या जागेचा ट्रंपेट

आमच्या बँडमध्ये ट्रंपेटवाल्यांची रांग उजवीकडून सुरू होते, आणि उजवीकडची पहिली जागा माझी. माझी म्हणजे कुणी ती माझ्या नावावर करून दिलेली नव्हती. गिरणीच्या दाराशी मांजर बसतं आणि तिथून त्याला कुणी उठवत नाही, तसा मी तिथे उभा राहत आलो आणि मला कुणी हटवलं नाही. दिवसभर मी पिठाची गिरणी चालवतो. संध्याकाळी अंगावरचं पीठ झटकतो, ते काही पुरतं झटकलं जात नाही, आणि तसाच बँडच्या खोलीवर जातो. ऐन तारुण्यात माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या म्हणून लोक हळहळायचे. ते पीठच होतं.

गावात मला भोंगा म्हणतात. हे नाव मी वर्षानुवर्षं मानाचं समजत आलो. मिरवणुकीत अगदी मागच्या टोकाला चालणारा माणूससुद्धा माझ्या सुरावर पाऊल टाकतो, म्हणून भोंगा, असा मी त्याचा अर्थ लावला होता. लोकांचा काय अर्थ होता, ते त्यांना विचारण्याची गरज मला कधी वाटली नाही.

या माझ्या जागेवर गदा आली ती एका ट्रंपेटमुळे.

आमच्याच खोलीत ओठ सोलून घेत शिकलेला एक जण पुढे मोठ्या शहरात, मोठ्या वाद्यवृंदात गेला होता. तो निवृत्त झाला, तेव्हा आपला ट्रंपेट घेऊन गावी आला आणि बँडला देऊन टाकला. त्याने पेटी उघडली आणि आम्ही सगळे पुढे वाकलो. आमची वाद्यं म्हणजे डागडुजी करून करून त्यांत मूळचं किती उरलं आहे, हे सांगणं कठीण. माझ्या ट्रंपेटच्या नळीला सायकलच्या दुकानात डाग दिलेला आहे. आणि हा गडी निळ्या मखमलीवर आडवा पडलेला, अंगावर ओरखडा नाही. देणारा म्हणाला, हा कुठेही चालतो, मैदानात चालतो तसा बंद खोलीतही चालतो. तुम्ही सांगाल ते ऐकतो. एवढं बोलून, चहा पिऊन तो निघून गेला, आणि मागे आमच्यासाठी भांडण ठेवून गेला.

आमच्याकडे नवं वाद्य कुणाचं, हे बँड शिकवणारे मास्तर ठरवतात. त्याची एक रीत आहे. आधी ते वाद्य प्रत्येक वाजवणाऱ्याच्या घरी पाहुण्यासारखं राहून येतं. मग खोलीवर बसून ज्याने त्याने आपलं मत सांगायचं. शेवटी मास्तरांपुढे वाजवायचं, आणि मास्तर ज्याच्या हातात वाद्य देतील त्याला पहिली जागा. माझा सगळा जीव या शेवटच्या गोष्टीत अडकला होता. कारण रांगेत माझ्या शेजारी, दुसऱ्या जागेवर, माझी सून उभी असते.

सून लग्न होऊन आली तीच सामानात ट्रंपेट घेऊन. ती शाळेच्या बँडमध्ये वाजवायची. आमच्या सुनेने माहेरहून काय आणलं ते बघा, असं म्हणत तेव्हा मीच गावभर मिरवलो होतो. मीच तिला बँडमध्ये नेलं. तेव्हा ती रांगेत शेवटची होती. मग एकेक जागा पुढे सरकत दुसरी झाली. आता तिला एकच माणूस ओलांडायचा राहिला होता, आणि तो माणूस घरी तिच्या हातची भाजी खात होता.

मतं सांगायला आम्ही जमलो तेव्हा जो तो आपल्या धंद्याच्या भाषेत बोलत होता. सलूनवाला म्हणाला की याची बटणं म्हणजे नव्या कात्रीसारखी आहेत, बोट ठेवण्याआधीच काम झालेलं असतं. त्याच्या हातून इतक्या भरभर सूर निघाले की तो स्वतःच घाबरला. दवाखान्यातला कंपाउंडर नेहमी अंत्ययात्रेच्या संथ चाली वाजवतो. त्याने सांगितलं, लांब सूर धरला तर मध्ये कुठे थरथर नाही, शेवटपर्यंत एकसारखा, आणि संपताना कुठे संपला ते कळत नाही. वायरमनला नाचाच्या चाली आवडतात. त्याच्या मते याला नुसतं खट्याळ व्हायला सांगायचा अवकाश, हा तुमच्याहून जास्त खट्याळ होतो. ज्याने ट्रंपेटला आयुष्यात ओठ लावला नव्हता तो ड्रमवालासुद्धा मत द्यायला मागे राहिला नाही. तो म्हणाला, यात आपला चेहरा छान दिसतो.

सून थोडंच बोलली. तिला वाटत होतं की या वाद्याला स्वतःचा असा हट्टच नाही. आपण जसे असू तसा हा वाजतो, म्हणून तिला त्याची थोडी भीती वाटली.

मी म्हणालो, "दणदणीत आहे."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. आणखी काही येईल म्हणून थांबले असावेत. पण मला खरोखरच तेवढंच वाटलं होतं. तो माझ्या घरी राहून गेला तेव्हा माझ्या हातात अगदी माझ्या जुन्या ट्रंपेटसारखा वाजला होता, फक्त जास्त. बाकीच्यांना त्यात चार चार तऱ्हा सापडल्या आणि मला एकच, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, हे लोक कवी आहेत, आपण वाजवणारे.

मास्तर तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हणून आम्हालाच त्यांच्या घरी जावं लागलं. खोली एवढीशी. पलंग, उशाशी औषधांच्या बाटल्या, झाकण घातलेला पाण्याचा पेला, आणि भिंतीला लागून आम्ही सगळे, मोटारीत कोंबल्यासारखे. मास्तरांच्या मुलीने दारातच बजावलं की भिंतीपलीकडे शेजारणीचं तान्हं बाळ नुकतंच झोपलंय, तापातून उठलंय, वाजवायचं तर हळू वाजवा, नाहीतर तसेच परत जा.

कंपाउंडरने आपली संथ चाल सुरू केली, तेव्हा मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. "अरे, मी अजून आहे. लग्नातली वाजवा. पण हळू."

कंपाउंडर, सलूनवाला, वायरमन, तिघांनीही वाजवलं. मग माझी पाळी आली. मला हळू म्हणजे काय ते ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असा माझा समज होता. मी श्वास घेतला, रोजच्या मानाने निम्मासुद्धा घेतला नाही, आणि पहिला सूर लावला.

पेल्यावरचं झाकण वाजलं. औषधाची एक बाटली कडेपर्यंत सरकली, ती मास्तरांच्या मुलीने झेलली. पलीकडे बाळाने तोंड उघडलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा सूर माझ्यापेक्षा स्वच्छ होता. मागोमाग शेजारीण जे बोलली ते भिंत पातळ असल्यामुळे आम्हा सगळ्यांना नीट ऐकू आलं.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "भोंग्या, तू रियाज कुठे करतोस?"

"घरीच की."

"घरी कुठे?"

मी सांगितलं. सांगण्यासारखंच होतं, मला तर त्या युक्तीचा अभिमान होता. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बायकोने स्पष्ट सांगितलं होतं की हे या घरात चालणार नाही. चाळीतल्या भिंती, वर-खाली माणसं, कुणाची परीक्षा, कुणाचं डोकं दुखणं. तेव्हा मी तोड काढली. आमच्या भिंतीतल्या कपाटात गोधड्या रचलेल्या असतात. त्यांच्यात ट्रंपेटचा कर्णा खुपसायचा आणि वाजवायचं. बायको खूश, शेजारी खूश. फक्त आत काय चाललंय ते मलाही नीट ऐकू यायचं नाही, म्हणून जरा जोर लावावा लागायचा.

मास्तर हसायला लागले. हसता हसता खुबा दुखला म्हणून विव्हळले आणि पुन्हा हसले. "म्हणजे एवढी वर्षं तू गोधड्यांच्या पलीकडे ऐकू जावं म्हणून फुंकतोयस," ते म्हणाले. "आणि मी समजत होतो, तुझा स्वभावच तसा आहे."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, कारण भिंतीला पाठ लागलेली होती आणि पळायला जागा नव्हती. पण तेवढ्यात मला उमगलं. मी रस्त्यावर उभा राहून बायकोच्या गोधड्यांशी झुंजत होतो, आणि लोक बिचारे बाजूने चालत होते.

बाळ पुन्हा झोपेपर्यंत आम्ही थांबलो. मग सुनेने ट्रंपेट हातात घेतला. ती रियाज करते पाण्याच्या टाकीमागे, भिंतीकडे तोंड करून. तिचा प्रत्येक सूर भिंतीवरून तिच्याकडे परत येतो. तिने तीच लग्नाची चाल घेतली. ती ट्रंपेट वाजवत होती असं मला वाटलं नाही. ती कुणाच्या तरी कानाशी बोलत होती. जात्याखालून पहिलं ऊन ऊन पीठ बोटांवर पडतं तेव्हा त्याला वजनच नसतं, तसा तो सूर होता. भिंतीपलीकडे बाळ उठलं नाही. उलट शेजारणीचा आवाज आला, तिने कुणाला तरी हळूच विचारलं की हे कोण वाजवतंय.

मास्तर म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे."

परतताना सून पेटी घेऊन माझ्या मागून चालत होती. चौकात आल्यावर तिने विचारलं, "बाबा, रागावलात?"

"मी कशाला रागावू."

"बंद खोलीत जमलं हो मला. बाहेर गर्दीत माझं कुणाला ऐकू जाणार? तिथे तुम्ही लागालच."

ती हे मला बरं वाटावं म्हणून बोलली, हे मला कळलं. आणि मला लगेच बरं वाटलं, हेही खरं. घरी बायकोला सगळं सांगितलं तर ती गोधडीची घडी घालत म्हणाली, "जागा एक पाऊल सरकली म्हणून एवढं तोंड करून बसायला काय झालं?" पण मला ते पाऊल फार लांबचं वाटत होतं. माझी सगळी आशा आता रस्त्यावर होती. रस्त्यावर मालमोटारी असतात, फटाके असतात, बघ्यांचा गलका असतो. तिथे हळुवारपणाचा काय उपयोग, तिथे भोंगाच लागतो, आणि मग मास्तरांना कळेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

पहिली मिरवणूक बाजाराच्या रस्त्यावरून निघाली. सून उजवीकडे पहिली, मी दुसरा. हातात माझा तोच डाग दिलेला ट्रंपेट. एक मालमोटार आमच्या मागे हॉर्न वाजवत अडकली होती. मला तर तिचा लळाच लागला. आता बुडेल सुनेचा आवाज, आता बुडेल, असं मी मोजत होतो.

तो बुडाला नाही. तिने ओठ जरा आवळले, खांदे सैल सोडले, आणि तोच ट्रंपेट, ज्याने बाळाला झोपू दिलं होतं, त्या हॉर्नच्या वरून निघून गेला. तो कुणावर ओरडत नव्हता. नदी ओलांडणाऱ्या पक्ष्यासारखा वरून गेला, पाण्याला न शिवता. दुकानांतून माणसं बाहेर आली. मालमोटारवाल्याने हॉर्नवरचा हात काढला. चाल अर्ध्यात खाली उतरली, थोडा वेळ लडिवाळ झाली, पुन्हा वर चढली. एकाच पितळेत इतकी माणसं राहतात हे मला ठाऊक नव्हतं. सलूनवाला, कंपाउंडर, वायरमन जे जे म्हणाले होते ते सगळं खरं होतं, आणि ते एकाच जागी होतं.

पाठीत ड्रमवाल्याची काठी बसली. दुसऱ्या ट्रंपेटने जिथे साथीला यायचं ती वेळ कधीच उलटून गेली होती. मी ट्रंपेट ओठांपर्यंत नेला, पण तोवर सून पुढच्या कडव्यात शिरली होती, आणि मला पुन्हा ऐकावंसं वाटलं.

रस्त्याच्या कडेला पोराला खांद्यावर घेऊन एक माणूस उभा होता. तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मी त्याच्याजवळून जाताना त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "काका, वाजवत नाही, तर हातात धरलाय कशाला?"

"ती वाजवतेय ना," मी म्हणालो. "मी तिचा सासरा."