वेणूआजीच्या जास्त पावरच्या गोळ्या

सुकापुरात अशी बोलवा आहे की वेणूआजी होमिओपॅथीच्या डॉक्टरला सुक्या कोलंबीचे सोडे नेऊन देते, म्हणून तो तिला जास्त पावरच्या गोळ्या देतो आणि तिचे गुडघे पळतात. साफ खोटं. ही बोलवा उठवली तिच्या थोरल्या जावेने, म्हणजे माझ्या शांतीआजीने.

दोघींच्याही गुडघ्यांची झीज झालेली. डॉक्टर एक, गोळ्या त्याच, कांदा-लसूण दोघींना बंद. पण वेणूआजी जिना चढू लागली आणि आमची आजी तळमजल्यावर कण्हत राहिली. त्यात निकेशकाकाचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारणीला मांडवात सारखी ऊठबस करावी लागते. आजवर तो मान शांतीआजीचा. आता घरात वेणूचं नाव निघू लागलं.

"डाक्टर मेला तिलाच चांगल्या गोल्या देतं!" म्हणत आजीने गुपचूप बाटल्या बदलल्या. फरक शून्य. वेणू वर, शांती खाली.

मी वेणूआजीला गाठलं. ती हसली. "गोल्या? लसणीबिगर जवला घशाखाली उतरं नाय. कवाच सोडल्या." मग खुर्चीत बसून तिने पाय सरळ उचलून धरला आणि सरकारी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमचा आवाज काढला, "आज्जी, श्वास नाही हं रोखायचा!" हुबेहूब! शाळेतल्या सगळ्या सरांचे आवाज काढणारी मी जळून कोळसा झाले.

तरी शहाणपणा केलाच. "मोबाईलवर वाचलंय मी. काहींना होमिओपॅथीच्या, काहींना नुसत्या साखरेच्या गोळ्या देऊन पाहिलं, कुणाला कुठल्या ते न सांगता. असे अभ्यास थोडे, तेही लहान. खात्रीचा फरक काही दिसला नाही. व्यायामाने मात्र पडतो."

"मंग शांतीला सांग. धवले तिनंच बोलावं. तिचा गला मना कुठं हाय?" हे म्हणताना तीही जराशी जळली.

"वाचलं तेव्हाच सांगितलं. म्हणते, 'पोरीसोरींचं आयकू काय?' ती कधीच करणार नाही."

"करंल. लाव पैज. हरलीस तर रोज तिच्यासमोर बसून मोजायचं."

दुसऱ्या दिवशी वेणूआजी मुद्दाम तळमजल्यावर दार अर्धवट लोटून, कुणी बघू नये अशा थाटात व्यायामाला बसली. शांतीआजी फटीतून बघून गेली. संध्याकाळी आमच्या ओटीवर खुर्ची, खुर्चीत आजी, हवेत पाय.

हरले. बसते मोजत. मध्येच आजी डोळे बारीक करून विचारते, "वेनू किती करते गं? माजे दोन जास्ती मोज."