त्याच्या मोबाईलमधला पिवळा रंग

नवऱ्यानं हैदराबादेत नवा मोबाईल घेतला अन् पहिल्याच दिवशी त्याची कटकट सुरू झाली. स्क्रीनचा उजेड कमी असला आणि मागं सगळं काळं असलं, की माणसांचे चेहरे हिरवट-पिवळे दिसत. दुकानदार म्हणाला, या स्क्रीनचं असंच असतं, सवय होईल. झाली सवय. आग लागो त्या सवयीला!

पहिल्या बाळंतपणाला मी आदिलाबादकडच्या बेला गावाजवळ माहेरी आले होते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत उजेड येऊ देत नाहीत. खिडकीला गोधडी, दाराला जुनं लुगडं. बाळाला वारं लागू नये, कुणाची नजर लागू नये. त्या अंधारात लेकीला पाजताना मला तिचा रंग काय कळणार? पण दिव्याजवळ तेल लावता लावता आईचा हात थांबला.

"लेकरू पिवळं दिसून राह्यलं बाई," ती म्हणाली.

मी तिथूनच नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, लेकीला मोबाईलसमोर धरलं. तो हसायलाच लागला.

"अवं, तूही पिवळीच दिसून राह्यली. तुझी मायही. या मोबाईलचं नाटकच आहे ते. काऊन घाबरून राह्यली?"

आम्ही मायलेकीही हसलो. खरंच हसलो. जावई शिकलेले, त्यांना कळते, असं म्हणून आईनं विषय संपवला. पुढं लेक धड पीत नव्हती, नुसती झोपून असायची. सगळे म्हणाले, गुणाची पोर, रडत नाही.

पाचवीच्या पूजेसाठी खोली सारवायला काढली, म्हणून तिला पहिल्यांदा ओट्यावर उन्हात आणलं. डोळे पिवळे, तळपायसुद्धा पिवळे. आईनं तिला तशीच पदरात गुंडाळलं.

आदिलाबादच्या दवाखान्यात तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. "आधी काऊन नाही आणलं?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. जीव वाचला, पण कावीळ तिचे कान घेऊन गेली.

नवऱ्यानं तो मोबाईल विकून टाकला. नव्यात रंग अगदी खरे दिसतात, असं सांगतो मला! अंगाची लाही लाही होते. पण नुसता त्याच्यावर तरी राग काय काढू, अंधार आमच्याच घरचा होता.

रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. लेक पाठमोरी खेळत असते. "ए माय, इकडं पाह्य ना," तो तिला हाका मारत राहतो. अजून विसरतो. मी तिच्या खांद्याला हात लावते, तेव्हा कुठं ती वळते आणि बापाला बघून हसते.