कांचळीच्या आरशांतले सूर्य

काल याडीची, म्हणजे माझ्या आईची, पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. त्यासरशी नेरजवळचा आमचा बंजाऱ्यांचा तांडा आणि तिजेच्या सणाचं श्रावणातलं ऊन समोर उभं राहिलं.

मी कॉलेजात होतो. कॅमेरा क्लबची सहल मीच तांड्यावर आणली होती. पोरी गव्हाच्या हिरव्या अंकुरांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत होत्या आणि क्लबच्या सरांना मात्र फोटोत आमचं दुःख हवं होतं. आम्ही काय दुःखाचं दुकान मांडलं होतं?

तेवढ्यात याडी फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घालून बाहेर आली. बाजारात लोक हसले म्हणून तिनं हा आरशांचा पोशाख कित्येक वर्षं घातला नव्हता.

"काकू, आरसे फार चमकतात, फोटो खराब होतो. साधं लुगडं नेसून या," सर म्हणाले.

माझं डोकं सणकलं. आज तिनं तो पोशाख उतरवला असता, तर परत कधीच घातला नसता. मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "कायले? त्या सूर्यालेच सांगा ना बाप्पा, कमी चमक म्हणून!"

मी बटण दाबलं. फोटो मोठा करून पाहिला. एकेका आरशात एकेक सूर्य, त्याखाली घरं, नाचणाऱ्या पोरी आणि मुंगीएवढे सर! तेव्हा वाटलं, बरी जिरली. तो राग अजूनही आहे. पण एवढं आभाळ एका बाईच्या अंगावर मावलं, याचं नवल आता त्याहून मोठं झालंय.

याडीनं वाकून पाहिलं आणि खुदकन हसली. "पाह्य रे, साऱ्या तांड्यासंग तुह्या सरालेबी पांघरून राह्यली मी."