चॉपरची मागची सीट

वेल्डर मुळात सरळ रेषेचा माणूस. खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती आणि त्याच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या : काटकोनात असलेल्या आणि काटकोनात आणायच्या राहिलेल्या. अशा माणसाच्या डोक्यात चॉपर सायकलचं खूळ शिरावं हे त्याला मोडक्या सायकली विकणाऱ्या भंगारवाल्याला पटेना. पुढच्या चाकाचा चिमटा हातभर लांब, हँडल छातीपर्यंत वर, सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली.

"हे चालवणार कोण?" भंगारवाल्याने विचारलं.

"मी. बायको मागे बसेल."

सगळा खटाटोप त्या मागच्या सीटसाठीच होता. बायको वाचनालयाची पुस्तकं सायकलवरून घरोघर पोचवायची. दोन वर्षांपूर्वी ती पडली, गुडघ्यात धातूची पट्टी बसली आणि तो गुडघा काटकोनापुढे वाकेनासा झाला. काटकोनाचा वेल्डरला पहिल्यांदाच राग आला. पायडल वर आलं की तिचा पाय अडायचा. फेरी दुसऱ्याकडे गेली आणि ती टेबलामागे बसून तारखांचे शिक्के मारू लागली. ते इतक्या जोरात मारायची, की वाचक पुस्तकं वेळेत परत करू लागले.

"मला माझी फेरी परत हवीय," ती म्हणायची. वेल्डर विषय बदलायचा. तिला रस्त्यावर पडलेलं त्याने पाहिलं होतं आणि ती पुन्हा एकटी सायकलवर, हा विचारच त्याला नको व्हायचा. त्यापेक्षा आपण चालवू, ती मागे आरामात बसेल, असा त्याने परस्पर निकाल लावला होता.

काम चार महिने चाललं. दोन मोडक्या सायकलींचे चिमटे कापून त्याने एक लांब चिमटा जोडला. पाठ टेकायला ऑफिसातल्या मोडक्या खुर्चीची पाठ घेतली. बायकोला स्टुलावर बसवून तिच्या पाठीची, पायाची, गुडघ्याची मापं घेतली, तीही तीनतीनदा. पुढच्या सीटसाठी कुणाचंच माप घेतलं नाही.

पहिल्याच वळणावर पायडल जमिनीला घासून ठिणग्या उडाल्या. सायकल फारच बुटकी झाली होती. मग त्याने लहान मुलांच्या सायकलचे आखूड दांडे काढून पायडलला बसवले. आता वेल्डर जीव खाऊन पाय मारी आणि सायकल रमतगमत जाई. वळायला अख्खा रस्ता लागे. तरी तो खूश होता.

सुट्टीच्या दिवशी त्याने सायकल दारात आणली. बायकोने मागची सीट बोटाने दाबून पाहिली. "छान मऊ आहे," म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

"अगं, तुझी सीट मागे आहे."

"दिसतंय."

तिने दुखरा पाय पायडलवर ठेवून सावकाश उलटा फिरवला. पायडल वर आलं, पण दांडा आखूड असल्याने थोडंच. पाय अडला नाही. पुन्हा फिरवला. वेल्डर बघतच राहिला. चार महिने तो गुडघा मोजत होता आणि एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं, की आपण केलेल्या पायडलवर हा पाय ठेवून बघावा.

"अहो, दांडे आखूड का लावलेत?"

"लांब घासत होते."

"बरं झालं घासले. बसा मागे."

तो बसला. ती सीट तिच्या मापाची असल्याने त्याचे गुडघे हनुवटीपाशी आले. सायकल आधी डगमगली, मग सरळ धावली. रस्त्याच्या टोकाशी तिने ब्रेक लावला.

"आता उतरा."

नको, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. "वळायला जागा जास्त लागते," एवढंच तो म्हणाला आणि उतरला. ती गेली. अख्खा रस्ता घेऊन वळली आणि परत आली, तेव्हा तिचा चेहरा घामाने भिजला होता आणि ती हसत होती. दोन वर्षांत त्याने ते हसू पाहिलं नव्हतं, आणि ते आपणच अडवून धरलं होतं हे कळून त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने मागची सीट कापून काढली आणि तिथे पुस्तकांची पेटी बसवली.