शकूताईची गोळी

देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या वस्तीतल्या एका खोलीत दुपारी एचआयव्हीची तपासणी चालू होती. नवीन आलेली रेखा दारातच थबकली. "ताई, आजार निघाला तर मी संपलेच."

शकूताईने याच गल्लीत उमेदीची वर्षं काढली. आता ती तपासणीला बायकांना घेऊन येते. तिने समजूत घातली नाही. बटव्यातून रोजची गोळी काढली, चहाच्या घोटाबरोबर गिळली. "बारा वर्षं खातेय ही त्याच आजारावर. संपलेली दिसते का गं मी?"

रेखाला हसू फुटलं.

बातमीत आम्ही पत्रकार याला 'जनजागृती' म्हणतो. एका बाईने आपलं गुपित रोज चारचौघींसमोर उघडं करणं त्या शब्दात मावत नाही.

रेखाने चपला काढल्या आणि सुईसाठी बोट पुढे केलं.